मनगटी घड्याळातील वायुभारमापक व उंचीमापक
(इयत्ता पाचवी ते सातवी : भूगोल, सामान्य विज्ञान व परिसर-सहल यांसाठी पाठ)

नाशिक जिल्ह्यातील प्राथमिक शाळांना भूगोलाचे साहित्य दुरून मागवावे लागत नाही. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग, उत्तरेस बागलाणातील सेलबारी-डोलबारीचे डोंगर आणि मध्यभागी पूर्वेकडे गेलेली सातमाळ्याची रांग, असे हे साहित्य बहुतेक शाळांच्या ओट्यावरून दिसते. साल्हेरचा किल्ला १,५६७ मीटर उंच आहे आणि नाशिक व अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या सीमेवरील कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे, हे आकडे मुले पाठ म्हणून दाखवितात. परंतु "ही उंची कोणी आणि कशी मोजली?" असे विचारले तर वर्ग गप्प बसतो.

अलीकडे डोंगर चढणाऱ्या व धावण्याचा सराव करणाऱ्या तरुणांच्या मनगटावर एक प्रकारचे क्रीडा-घड्याळ दिसू लागले आहे. वेळेबरोबरच ते समुद्रसपाटीपासूनची उंची आणि हवेचा दाब दाखविते. एखाद्या गावात असे घड्याळ शिक्षकाजवळ, एखाद्या पालकाजवळ किंवा गावातील खेळाडूजवळ असेल. ते एका दिवसापुरते मागून आणल्यास त्यातून तीन चांगले पाठ घेता येतात. मात्र हे घड्याळ काय जाणते व काय जाणत नाही, हे शिक्षकांनी आधी नीट समजून घेतले पाहिजे. तसे न केल्यास मुलांच्या वहीत चुकीचे आकडे जातील आणि सहलीच्या दिवशी त्याहून मोठी चूक घडण्याचा संभव आहे.

घड्याळ प्रत्यक्षात काय मोजते

घड्याळाच्या कडेला एक किंवा अनेक बारीक छिद्रे असतात. त्यांतून बाहेरची हवा आत जाते व सिलिकॉनच्या अतिशय पातळ पडद्यावर दाब देते. पडदा किंचित वाकतो, त्या वाकण्याने विजेच्या प्रवाहात फरक पडतो आणि त्या फरकावरून हवेचा दाब हेक्टोपास्कल या एककात दाखविला जातो. जुन्या पुस्तकांतील मिलिबार व हा हेक्टोपास्कल यांचे मूल्य एकच आहे.

हे घड्याळ एवढेच मोजते. उंची मोजणारे वेगळे यंत्र त्याच्यात नसते. वर जावे तसा डोक्यावरील हवेचा थर कमी होतो आणि दाब उतरतो. समुद्रसपाटीवर सरासरी दाब १,०१३ हेक्टोपास्कल धरतात. नमुन्याच्या वातावरणात तो ६०० मीटरांवर सुमारे ९४३, १,००० मीटरांवर सुमारे ८९९ आणि कळसूबाईच्या उंचीवर सुमारे ८३१ इतका असतो. नाशिकच्या पठारावर एक हेक्टोपास्कल दाब उतरला म्हणजे आपण सुमारे ९ मीटर वर आलो, असा ढोबळ हिशेब आहे. घड्याळ हाच हिशेब आत करते आणि उत्तर 'उंची' म्हणून दाखविते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. हवेचा दाब दोन कारणांनी बदलतो : आपण वर-खाली गेल्याने, किंवा आपण जागेवरच असताना हवा पालटल्याने. दाब उतरला एवढेच घड्याळाला कळते, तो कोणत्या कारणाने उतरला हे त्याला कळत नाही. म्हणून घड्याळात दोन रीती ठेवलेल्या असतात. उंचीमापकाच्या रीतीत ते हवा स्थिर आहे असे मानून सर्व फरक उंचीच्या नावावर टाकते. वायुभारमापकाच्या रीतीत ते मनुष्य स्थिर आहे असे मानून सर्व फरक हवेच्या नावावर टाकते. काही घड्याळे हालचालीवरून रीत आपोआप बदलतात, परंतु संथ चढावर किंवा लांब विश्रांतीत त्यांचा अंदाज चुकू शकतो. कोणती रीत लावावयाची हे घड्याळ वापरणाऱ्यानेच ठरविणे चांगले.

एक जुना व आदर्श प्रयोग

इटलीतील तोरिचेल्ली याने १६४३ साली पाऱ्याच्या नळीचा प्रयोग केला. नळीतील पारा सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर का थांबतो, याविषयी विद्वानांत वाद होता. फ्रान्समधील पास्काल याचे म्हणणे असे की, बाहेरच्या हवेचे वजन पाऱ्याला तोलून धरते. तसे असेल तर डोंगरावर पारा उतरला पाहिजे. पास्कालचा मेहुणा पेरिये याने १९ सप्टेंबर १६४८ रोजी पुय द दोम या डोंगरावर नळी नेऊन पाहिली. सुमारे १,००० मीटर वर गेल्यावर पारा सुमारे ८ सेंटिमीटरांनी उतरलेला आढळला.

ही गोष्ट पुष्कळ पुस्तकांत असते, पण तिच्यातील एक भाग बहुधा गाळला जातो. पेरियेने दुसरी तशीच नळी पायथ्याच्या मठात ठेविली होती आणि एका धर्मोपदेशकास ती दिवसभर पाहत राहण्यास सांगितले होते. सायंकाळी विचारले असता तिच्यातील पारा दिवसभर हलला नव्हता असे कळले. त्यामुळे डोंगरावर पारा उतरला तो उंचीमुळेच, त्या दिवशी हवा बदलल्यामुळे नव्हे, हे सिद्ध झाले. पायथ्याच्या ह्या साक्षीदाराशिवाय शिखरावरील आकड्याला अर्थ राहिला नसता. पुढील तीनही पाठांत शिक्षकांनी हा पायथ्याचा साक्षीदार विसरू नये.

पहिला पाठ : शाळेचा बाक दुपारी वर जातो काय?

हा पाठ कोरड्या ऋतूतील स्वच्छ हवेच्या दिवशी घ्यावा. घड्याळ उंचीमापकाच्या रीतीत लावून एका बाकावर सावलीत ठेवावे. शाळेची उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशातील समोच्च रेषांवरून काढावी. ह्या नकाशांत दोन रेषांमध्ये बहुधा २० मीटरांचे अंतर असते. शाळा रेल्वेमार्गाजवळ असेल तर स्थानकाच्या पिवळ्या फलकावर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती मुलांकडून वाचवून घ्यावी आणि तेथून शाळेचा अंदाज करावा. तो आकडा सकाळी दहा वाजता घड्याळात भरावा.

नंतर घड्याळास हात न लावता मुलांनी पाळीपाळीने नोंद करावी. शाळेची उंची ६०० मीटर धरल्यास नोंद साधारण पुढीलप्रमाणे येईल (हे आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत) :

सकाळी १० वाजता : दाब ९४८, उंची ६०० मीटर
दुपारी १ वाजता : दाब ९४६, उंची ६१८ मीटर
दुपारी ४ वाजता : दाब ९४४, उंची ६३६ मीटर

येथे वर्गात प्रश्न उठेलच : "गुरुजी, बाक ३६ मीटर वर गेला का?" हा प्रश्न म्हणजेच ह्या पाठाचा गाभा होय. काही मुले शेवटचा आकडा खोडून त्या जागी ६०० लिहितील, कारण बाक हलला नाही हे त्यांना माहीत आहे. शिक्षकांनी तसे करू देऊ नये. उत्तर आधी ठरवून नोंद त्याच्याशी जुळविण्याची सवय लहानपणी लागली, तर पुढे ती जात नाही. आकडा जसा दिसला तसाच लिहावा आणि त्याचे कारण नंतर शोधावे.

कारण असे आहे. सूर्याच्या उष्णतेने पृथ्वीच्या सर्व वातावरणात, विशेषतः त्याच्या वरच्या थरांत, बारा तासांची एक लाट उठते. त्यामुळे उष्ण प्रदेशांत हवेचा दाब रोज दोन वेळा चढतो व दोन वेळा उतरतो. सकाळी दहा व रात्री दहाच्या सुमारास तो अधिक असतो, पहाटे चार व दुपारी चारच्या सुमारास कमी असतो. दख्खनच्या पठारावर सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात कोरड्या ऋतूत साधारण ३ ते ४ हेक्टोपास्कलांची उतार होते, पावसाळ्यात ती कमी असते. समुद्राच्या भरती-ओहोटीप्रमाणे ही हवेची भरती-ओहोटी होय, आणि मुलांनी ती आपल्या बाकावर मोजलेली असते.

मुले पुढच्या वर्गांत गेल्यावर हीच नोंद जानेवारीत व जुलैत करून पाहावी. पावसाळ्यात आपल्या प्रदेशावरील दाब हिवाळ्यापेक्षा सुमारे ८ ते १० हेक्टोपास्कल कमी असतो. हिवाळ्यात लावून ठेवलेले घड्याळ म्हणून जुलैत तीच शाळा ७० ते ९० मीटर उंच दाखवील.

दुसरा पाठ : कसाऱ्याचा घाट

इगतपुरीहून कसाऱ्यास उतरणारा थळ घाट हा जिल्ह्यातील मुलांचा परिचित रस्ता आहे. ह्या घाटातील रेल्वे १८६५ साली सुरू झाली व तिचा चढ ३७ मीटरांस १ मीटर असा आहे. सुमारे ६०० मीटर उंचीच्या इगतपुरीहून गाडी जवळजवळ ३०० मीटर खाली उतरते. ह्या उतारात हवेचा दाब सुमारे ३३ हेक्टोपास्कलांनी वाढतो. प्रवास अर्ध्या-पाऊण तासाचा असल्याने दिवसाच्या भरती-ओहोटीचा परिणाम थोडाच होतो. म्हणून उंचीमापक घड्याळाची परीक्षा येथे चांगली होते. इगतपुरीच्या फलकावरील उंची घड्याळात भरावी आणि कसाऱ्याच्या फलकाशी ताडून पाहावी.

ज्या शाळेस घड्याळ मिळणार नाही, तिनेही हा पाठ सोडू नये. प्लास्टिकची रिकामी बाटली इगतपुरीस उघडून पुन्हा घट्ट बंद करावी. कसाऱ्यास ती दबलेली दिसेल. उलट, कसाऱ्यास घेतलेले खाऊचे हवाबंद पाकीट इगतपुरीस फुगलेले दिसेल. घाटात कानास दडे बसतात आणि आवंढा गिळल्यावर ते सुटतात, ह्याचा अनुभव प्रत्येक मुलास असतोच. बाटलीच्या पातळ भिंती, कानाचा पडदा आणि घड्याळातील पडदा ह्या तिघांना जे जाणवते ते एकच असते, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे.

तिसरा पाठ : डोंगराची उंची

त्र्यंबकेश्वरजवळील ब्रह्मगिरी सुमारे १,३०० मीटर उंच आहे. समजा, एका शाळेची सहल सकाळी सात वाजता पायथ्याहून निघाली आणि नऊ वाजता वर पोहोचली. ह्या दोन तासांत दिवसाच्या लाटेने दाब चढत असतो. त्यामुळे घड्याळ शिखराची उंची दहा-पंधरा मीटरांनी कमी दाखविण्याचा संभव आहे. सहल दुपारी पायथ्याशी परतेपर्यंत दाब पुन्हा उतरून सकाळच्या आकड्याजवळ येतो. पायथ्याचे दोन्ही आकडे जुळले म्हणून मधला आकडाही बरोबर असलाच पाहिजे, असे शिक्षकांनी मानू नये.

ह्यावर उपाय पेरियेचाच आहे. मुलांचे दोन गट करावेत. एका गटाने शिक्षकांसह वर जावे. दुसऱ्या गटाने दुसऱ्या शिक्षकांबरोबर पायथ्याशी राहून दर अर्ध्या तासाने दाब लिहावा. पुष्कळ भ्रमणध्वनींतही आता वायुभारमापक असतो, त्याचा उपयोग पायथ्याशी करावा. निघण्यापूर्वी दोन्ही साधने शेजारी ठेवून त्यांच्यातील मूळचा फरक टिपून घ्यावा. शिखरावर दाब लिहिला त्याच वेळेचा पायथ्याचा दाब घेऊन, मूळचा फरक त्यात जमेस धरून वजाबाकी करावी आणि तिच्यावरून चढ काढावा. गणिताच्या तासास हे उदाहरण पुस्तकातील कोणत्याही उदाहरणापेक्षा अधिक जिवंत वाटेल.

एवढे करूनही उत्तर नकाशातील आकड्याहून थोडे कमी येण्याचा संभव आहे. घड्याळातील हिशेब ज्या नमुन्याच्या वातावरणावर आधारलेला असतो, त्यात समुद्रसपाटीचे तापमान १५ अंश धरलेले असते आणि १,००० मीटर उंचीवर ते सुमारे ८ अंश असते. आपल्याकडे त्या उंचीवर २८ अंश तापमान सहज आढळते. उष्ण हवा विरळ व हलकी असते. म्हणून तेवढाच दाब उतरण्यास अधिक चढावे लागते. अशा हवेत प्रत्यक्ष ५५० मीटर चढल्यास घड्याळ सुमारे ५१५ मीटर दाखविते. थंडीच्या सकाळी ही चूक कमी होते. काही घड्याळे उपग्रहांच्या संकेतांवरूनही उंची काढतात, पण कड्याखाली व दाट झाडीत त्या आकड्यात बरेच मीटर इकडेतिकडे होऊ शकतात. वाटेत नकाशात उंची दिलेले ठिकाण आले की घड्याळ तेथे पुन्हा लावून घेणे, हा साधा नियम पाळावा.

हवामानाचा इशारा : किती विश्वास ठेवावा

पुष्कळ घड्याळांत दाब झपाट्याने उतरल्यास वादळाचा इशारा देण्याची सोय असते. मुक्कामी असताना, म्हणजे घड्याळ एका जागी वायुभारमापकाच्या रीतीत असताना, तिचा काही उपयोग होतो. मोठ्या विस्ताराचे कमी दाबाचे क्षेत्र किंवा चक्रीवादळ जवळ येऊ लागले की दाब तासन् तास उतरत राहतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले व पुढे ईशान्येकडे सरकले. अशा प्रसंगी वायुभारमापकाचा काटा खाली येताना स्पष्ट दिसतो. तथापि दुपारी चारपर्यंत होणारी रोजची उतार ह्यात मिसळून इशाऱ्याचा विपरीत अर्थ लावू नये. आजचा चार वाजताचा दाब कालच्या चार वाजताच्या दाबाशी ताडून पाहावा. त्यात तीन-चार हेक्टोपास्कलांहून अधिक घट असेल तरच ती लक्षात घेण्याजोगी समजावी.

परंतु आपल्या जिल्ह्यात सहलीस खरा धोका असतो तो वळवाच्या पावसाचा व विजेचा, आणि येथे घड्याळावर मुळीच विसंबून राहता येत नाही. वळवाचा ढग थोड्या जागेत, तासा-दोन तासांत उभा राहतो. तो येण्यापूर्वी घड्याळाने इशारा द्यावा एवढी दाबाची उतार बहुधा होत नाही. ढगातून थंड हवा खाली कोसळते तेव्हा दाब उलट एकदम एक-दोन हेक्टोपास्कलांनी चढतो. त्या क्षणी उंचीमापक 'आपण दहा-पंधरा मीटर खाली आलो' असे दाखवील आणि मुले मात्र उघड्या सुळक्यावर, वाऱ्याच्या पहिल्या झोतात उभी असतील.

म्हणून शिक्षकांनी पुढील नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत :

१. मार्च ते जून आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत डोंगरावरील सहल सकाळी लवकर सुरू करून दुपारपूर्वी पायथ्याशी आणावी.
२. निघण्यापूर्वी हवामान विभागाचा अंदाज पाहावा. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे भ्रमणध्वनीवरील साधन विजेची सूचना देते, ते उतरवून घ्यावे.
३. माथ्यावर असताना आकाशात फुलकोबीसारखा वाढत जाणारा ढग दिसला की मोजणी अपुरी ठेवून उतरावयास लागावे.
४. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते असे समजावे. कडा, सुळका, एकटे झाड, लोखंडी कठडा व पाण्याचे टाके यांपासून दूर जावे. शक्य तितक्या लवकर पक्क्या इमारतीत किंवा बंद वाहनात शिरावे व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.
५. घड्याळ काहीही दाखवीत असले तरी वरील नियम बदलू नयेत.

ज्या शिक्षकाने शिखर दोनशे पावलांवर राहिले असता मुलांना परत फिरविले, त्याची सहल फसली असे कोणी म्हणू नये. वहीत "ढगामुळे मोजणी सोडली" अशी नोंद वेळेसह करावी. तीही नोंदच आहे आणि मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने ती आकड्यापेक्षा कमी मोलाची नाही.

घड्याळाची निगा

छिद्रांत धूळ, घाम किंवा चिखल साचल्यास आकडे अडकून बसतात किंवा एकदम उड्या घेतात. अशा वेळी घड्याळ स्वच्छ पाण्याने हलके धुवून पूर्ण वाळू द्यावे. छिद्रांत सुई, काडी किंवा टाचणी घालू नये, पडदा फाटल्यास घड्याळ निकामी होते. बाहीखाली दाबून बसलेले घड्याळ चुकते. वाऱ्याच्या थेट झोतातही आकडे हलतात, म्हणून वाचन आडोशाला करावे. हवेचे तापमान पाहावयाचे असल्यास ते हातावर वाचू नये, कारण ते अंगाच्या उष्णतेने वाढलेले असते. घड्याळ काढून वीस-पंचवीस मिनिटे सावलीत टांगावे व मग वाचावे. घड्याळ मागून आणलेले असेल तर ते एकाच जबाबदार विद्यार्थ्याच्या हाती राहील आणि त्याच दिवशी परत जाईल, अशी व्यवस्था करावी.

नोंदवहीचा नमुना

प्रत्येक नोंदीस सहा रकाने असावेत : तारीख व वेळ, ठिकाण, घड्याळातील दाब, घड्याळातील उंची, नकाशातील किंवा फलकावरील उंची, आणि आकाशाची स्थिती. सहावा रकाना मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून भरावयाचा आहे : ढग कोणत्या दिशेस आहेत, वारा कोणीकडून येतो, डोंगर स्पष्ट दिसतात की धूसर. वर्षअखेर वही पाहिली असता घड्याळ कोठे बरोबर होते, कोठे चुकले आणि का चुकले, हे मुलांना स्वतःच सांगता यावे. तेवढे साधले म्हणजे साल्हेरची व कळसूबाईची उंची त्यांना पुन्हा पाठ करावी लागणार नाही.